नाव सुचवणारी सशुल्क सेवा : अक्षर अचूक, शुद्धलेखन नापास

आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, पण ते नाव ठरवण्याच्या बैठकीत तिला बोलावतातच असे नाही. डिसेंबरात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने व भावजयीने मोबाइलवरून एका नामसल्ला सेवेला २,१०० रुपये भरून टाकले. मला निरोप आला तो असा : "ताई, तू फक्त बारशाला कुर्रर्र करायचं." मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे, गेली बावीस वर्षे दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासून पोट भरते, त्यामुळे सेवेकडून आलेला अहवाल 'जरा नजरेखालून घाल' म्हणून माझ्याकडेच येणार हे ठरलेले होते. तो आला, मी तो लाल शाईचे पेन हातात घेऊन वाचला, सेवेच्या दोन्ही फोनवर मी हजर होते आणि शेवटी नोंदणीच्या खिडकीपाशीही मीच उभी होते. हे परीक्षण त्या साऱ्या अनुभवावर बेतलेले आहे. सेवेचे नाव मी लिहीत नाही; या प्रकारच्या बहुतेक सेवांचा साचा एकच असल्यामुळे त्यावाचून वाचकांचे काही अडणार नाही.

आधी मागणी काय होती ते सांगायला हवे. भावजय स्थापत्य अभियंता आहे आणि बांधकामाच्या जागेवर काम करते. तिचे म्हणणे असे, की अर्ज वाचणाऱ्याला आधी काम दिसावे आणि माणूस बाई आहे की पुरुष हे नंतर कळावे. म्हणून मुलीचे नाव मुलालाही चालेल असे हवे. भावाची अट एवढीच होती, की नाव मराठी घरात परके वाटू नये. तिसरी गोष्ट अटीपेक्षा शंकेच्या स्वरूपाची होती : दोनेक वर्षांत भावाची जर्मनीला बदली होण्याची शक्यता आहे, तर तिथे अशा नावाची अडचण येईल का? ऑनलाइन अर्जात या तिन्ही गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या, बाळाच्या लिंगाच्या चौकटीत 'मुलगी' निवडले होते, आणि अठ्ठेचाळीस तासांत चाळीस नावांचा अहवाल व वीस-वीस मिनिटांचे दोन फोन असे आश्वासन समोरून मिळाले होते.

वेळ त्यांनी पाळली. जन्माक्षरही बरोबर काढले, आणि ते मी पंचांग उघडून पडताळले आहे. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाची चार चरणे, अशी एकशे आठ अक्षरे असतात. मृगशीर्षाची वे, वो, का, की. आमच्या मुलीचे चरण चौथे, म्हणून अक्षर 'की', आणि रूढीने त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत. पोरगी अर्धा-पाऊण दिवस उशिरा आली असती तर आर्द्रेच्या तिसऱ्या चरणात सापडली असती आणि तिथले अक्षर आहे 'ङ'. मराठीतली कोणतीही सेवा त्या अक्षरावरून चाळीस नावे कशी काढते, हे पाहायला मी स्वतःचे आणखी २,१०० रुपये भरले असते.

अहवाल मात्र शीर्षकापासूनच घसरतो. 'कि/की अक्षरावरून उभयलिंगी नावे' असे पहिल्या पानावर ठळक टायपात छापले आहे. 'उभयलिंगी' हा शब्द मला शाळेत गांडुळाच्या धड्यात भेटला होता. त्यानंतर तो भाचीच्या नावाशेजारी भेटेल असे वाटले नव्हते. 'मुलामुलींना चालणारी नावे' एवढे साधे लिहिता आले असते. पुढच्या चाळीस नावांतली बारा म्हणजे एकाच नावाची दोन-तीन रूपे आहेत. काही नावांना कोणत्याही भाषेतला अर्थ नाही, ती केवळ कानाला गोड लागतात म्हणून घेतलेली दिसतात. 'किआ' हे त्यांपैकी एक, आणि आमच्या सोसायटीच्या आवारात रात्री त्या तीन उभ्या असतात. 'किंशुक' म्हणजे पळस, नाव रुबाबदार आहे, पण आमच्या ओळखीतले दोन्ही किंशुक पुरुष आहेत. 'किसलय' म्हणजे कोवळी पालवी. सुंदर शब्द आहे, पण मराठी शाळेत त्याच्या पहिल्या दोन अक्षरांचे काय होईल हे किसणी हातात धरलेल्या कोणालाही सांगता येईल. गाळून गाळून उरली दोनच नावे, किरण आणि कीर्ती, आणि ती दोन्ही माझ्या आईने अहवाल येण्याआधीच सुचवली होती. तिने पैसे घेतले नव्हते.

'दोघांनाही चालणारे' हा शिक्का अहवालाने सरसकट मारला आहे, पण तो कुठे चालतो हे सांगितलेले नाही, आणि माझ्या मते पैसे देणाऱ्याला कळायला हवे ते नेमके हेच. असे नाव नकाशाप्रमाणे बदलते. आपल्याकडे मंगल म्हणजे हमखास मावशी किंवा काकू. १८५७च्या बराकपूरच्या छावणीत मंगल पांडे हा शिपाई होता. आपल्याला सुमन म्हटले की सुमन कल्याणपूर आठवतात. बंगालमध्ये सुमन नावाचे पुरुष सहज भेटतात. कमल आपल्याकडे बाई, तमिळनाडूत कमल हासन. ज्योती आपल्याकडे नक्की मुलगी, तर पश्चिम बंगालचे एके काळचे मुख्यमंत्री ज्योती बसू. कीर्तीचेही तसेच : संगीत रंगभूमीमुळे आपल्या मनात कीर्ती शिलेदार बसलेल्या आहेत, आणि १९८३चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या संघात कीर्ती आझाद होते. म्हणजे महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलीचे नाव कीर्ती ठेवले तर भावजयीचा हेतू साधत नाही, कारण इथे ते नाव ऐकणारा माणूस मुलगीच गृहीत धरतो.

किरणचे तसे होत नाही. आमच्याच वर्गात दोन किरण होते आणि बाई हजेरी घेताना 'किरण मुलगा', 'किरण मुलगी' असा पुकारा करत. किरण बेदी १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल होणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, किरण मोरे यांनी यष्टिरक्षण केले, किरण नगरकरांनी मराठीत आणि इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या, किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ साली बंगळुरूत जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढली, किरण देसाई यांना २००६चे बुकर पारितोषिक मिळाले. शब्द संस्कृतात आणि मराठीत पुल्लिंगी, 'आशेचा किरण' असे आपण म्हणतो, आणि तरीही मुलींना ते नाव ठेवताना कोणाला कधी अडखळायला झालेले नाही. अहवालात या नावाखाली मजकूर आहे तो एवढाच : 'किरण : प्रकाशरेषा. शुभ.'

ज्यांना ही सोय खरोखर साधलेली आहे ते म्हणजे शीख. भारताच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर, जिने २०२५ साली नवी मुंबईत विश्वचषक उंचावला. आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या पुरुष हॉकी संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग. नाव तंतोतंत तेच, आणि बाई की पुरुष हे पुढच्या शब्दावर सोपवलेले. मराठी आडनाव हे काम करत नाही. मराठीत ते काम करते क्रियापद, आणि अहवालातले 'या नावावरून व्यक्तीचे लिंग कळत नाही' हे वाक्य वाचून मला हसू आले ते त्यामुळेच. 'किरण आली' की 'किरण आला', यांपैकी एक म्हटल्यावाचून मराठी माणसाला तिच्याविषयी साधी बातमीही देता येत नाही. हाक मारायची तर 'अगं' किंवा 'अरे' आधीच तोंडातून निघून गेलेले असते. लाडात आले तर किरू, रागात आले तर मुलाचा 'किऱ्या' होतो. आदर दाखवायचा तर ताई, दादा, राव यांपैकी काहीतरी जोडावे लागते. आणि चित्रपट दिग्दर्शिका किरण राव यांच्या नावातली मधली मोकळी जागा मी एकदा जुळाऱ्याच्या चुकीमुळे गेलेली पाहिली आहे, त्या मजकुरात बाईंचे 'किरणराव' झाले होते. तेव्हा ज्यांना असे नाव हवे आहे त्यांनी एवढे धरून चालावे, की ते काम करते ते अर्जावर, यादीत, पाकिटावर आणि इंग्रजीत. मराठी वाक्यात शिरले की ते पहिल्या क्रियापदाला उघडे पडते. भावजयीला मी हे सांगितले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला अर्जापुरतंच हवंय, ताई." हे बोलणे मला पटले.

आता शुद्धलेखन. अहवालात कीर्ती हे नाव एका पानावर 'किर्ती', दुसऱ्यावर 'कीर्ति' आणि अंकशास्त्राच्या तक्त्यात 'किर्ति' असे छापले आहे. चार शक्य रूपांपैकी बरोबर असलेले एकटे तेवढे कुठेच नाही. शब्द तत्सम असल्यामुळे पहिली वेलांटी मुळाप्रमाणे दीर्घ राहते. शेवटची संस्कृतात ऱ्हस्व आहे, पण साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार अशा ज्या अठरा नियमांची घडी बसवली, त्यांत व्यक्तिनामे दीर्घान्त लिहावीत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मराठीत कीर्ती, रवी, शशी. समासात मात्र ती वेलांटी पुन्हा ऱ्हस्व होते : कीर्तिस्तंभ, रविवार, शशिकला. ही माहिती कोणत्याही शुद्धलेखनाच्या पुस्तिकेत मिळते. नाव 'सुचवण्याचे' पैसे घेणाऱ्याने ते एकदा तरी नीट लिहून द्यावे, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही, कारण बाप तो कागद समोर ठेवूनच जन्मनोंदणीचा अर्ज भरतो आणि तिथली वेलांटी मग मुलीला जन्मभर पुरते.

इंग्रजी लेखनाची कथा याहून मोठी आहे. कीर्तीचे स्पेलिंग 'आय'ने करावे की दोन 'ई'नी, यावर घरात एक आख्खी संध्याकाळ गेली. दक्षिणेत 'त'साठी टी-एच लिहितात, त्यामुळे ते रूप धरले तर उत्तरेकडचा माणूस 'कीर्थी' वाचणार. किरणला असला काही फाटा नाही. के, आय, आर, ए, एन ही पाच अक्षरे लिहावीत, जवळजवळ सगळे जण तशीच लिहितात आणि वाचणारा फार चुकत नाही. माझ्या दृष्टीने या नावाचा हा सर्वांत मोठा गुण, आणि सेवेने तोच मोडायला घेतला.

त्यांच्या अंकशास्त्राच्या पानावर अक्षरांचे अंक मांडले आहेत : २, ९, ९, १, ५. बेरीज २६, तिची पुन्हा बेरीज ८. आठ हा शनीचा अंक, तो टाळावा, म्हणून आणखी एक 'ए' घालावा, म्हणजे बेरीज २७ आणि अंक ९ होतो, असा सल्ला खाली दिला आहे. मी फोनवर विचारले, की दोन 'ए' घातलेले ते नाव आम्ही मोठ्याने वाचावे कसे, कारण मला ते 'किरान' दिसते. उत्तर आले, की उच्चार बदलायचा नाही, फक्त लिहायचे तसे. मग मी दुसरा प्रश्न विचारला. कीरो या भविष्यवेत्त्याच्या नावाने जी पद्धत आपल्याकडे चालते तिच्यात याच पाच अक्षरांचे अंक २, १, २, १, ५ असे येतात, बेरीज ११, म्हणजे अंक २. त्यात शनीचा कुठे संबंधच येत नाही. मग शनी बाळाला आहे की तक्त्याला? समोरच्या गृहस्थांनी "मॅडम, आमची पद्धत वेगळी आहे" असे म्हणून विषय संपवला. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. पण एक जादा अक्षर म्हणजे शाळेच्या दाखल्यापासून पारपत्रापर्यंत प्रत्येक खिडकीवर 'नाही हो, दोन ए' असे आयुष्यभर सांगत बसणे, आणि त्यापैकी एका जरी खिडकीवर ते राहून गेले तर पुढे प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातली जाहिरात. हा खर्च अहवालात कुठे धरलेला नाही.

जर्मनीबद्दलच्या शंकेला अहवालाने एका ओळीत उत्तर दिले आहे : 'जर्मनीत लिंगनिरपेक्ष नाव स्वीकारले जात नाही, सोबत दुसरे स्त्रीवाचक नाव जोडावे.' एके काळी तिथली निबंधक कार्यालये असा आग्रह धरत, हे खरे आहे. पण जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने ५ डिसेंबर २००८ रोजी हा आग्रह मोडून काढला. नावावरून मूल मुलगा आहे की मुलगी हे कळलेच पाहिजे असा कायदा नाही आणि आईवडिलांच्या निवडीला मर्यादा घालायची तर ती मुलाच्या हितापुरतीच घालता येते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. प्रकरण एका मुलीचे होते, वडील भारतीय वंशाचे होते, आणि निबंधकाने अडवलेले ते नाव होते, योगायोग असा, की किरण. चाळीस नावांत किरण सुचवायचे आणि त्याच अहवालात किरणमुळेच बाद झालेला नियम भीती म्हणून दाखवायचा, ही करामत मला सेवेच्या साऱ्या चुकांत पहिल्या क्रमांकाची वाटते. शिवाय आमच्या मुलीची नोंदणी पुण्यात व्हायची होती, त्यामुळे भावाची शंका जर्मनीतल्या निबंधकापेक्षा पाळणाघरातल्या आणि शाळेतल्या अडचणींविषयी होती. तिकडे तर अहवाल फिरकलाच नाही.

जे चांगले होते तेही सांगते. दुसऱ्या फोनवर वेगळ्या बाई होत्या, आवाजावरून पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी अंकांचा विषय काढला नाही. "ताई, गॅलरीत उभं राहून दोन्ही नावांनी एकदा जोरात हाक मारून बघा, आणि तुमच्या घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती कुठलं नाव नीट म्हणते ते बघा," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही खरेच मारून पाहिली. कीर्ती या नावात 'र्ती'वर आवाज अडकतो, तिसऱ्या मजल्यावरून खाली पोहोचत नाही. किरण शेवटच्या 'ण'पर्यंत सरळ जाते, आणि खालून पहारेकऱ्याने वर पाहिले. कवळी नसताना माझी आजी 'कीत्ती' म्हणाली आणि किरण मात्र स्वच्छ म्हणाली. निर्णय तिथेच झाला. त्या बाईंची वीस मिनिटे वेगळी विकत मिळत असती तर मी त्यांना पाचशे रुपये आनंदाने दिले असते.

नोंदणीबद्दल अहवालात एक अक्षर नाही, आणि सेवा घेणाऱ्यांनी ही उणीव स्वतःच भरून काढावी. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते, पण नाव तेव्हाच पक्के असले पाहिजे असे नाही. १९६९च्या कायद्याखाली ते बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंदवता येते. म्हणजे बारशाच्या आत स्पेलिंग ठरवायची घाई नाही. दुसरे असे, की १ ऑक्टोबर २०२३पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी वा पुढे जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पारपत्र अशा कामांना जन्माचा दाखला हाच आधार धरला जातो, त्यामुळे त्यावरचे अक्षर पूर्वीपेक्षा जड झाले आहे. तिसरे, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव महाराष्ट्रात मूल, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. सेवेचा तक्ता अजून आईला वगळूनच बेरीज करतो.

आम्ही खिडकीवर गेलो तेव्हा संगणकाने इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नाव आपोआप उमटवले : 'किरन'. मी पडद्याकडे बोट दाखवून 'ण' सांगितला. कर्मचारी वाईट नव्हते, घाईत होते; "उच्चारात काय फरक पडतो?" असे म्हणाले. मी म्हटले, "पाणी आणि पानी इतका." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, कळफलकावर 'ण' शोधला आणि मग तपासणीची प्रत छापायच्या आधी स्वतःच विचारले, "मुलगीच ना?" अर्जावर ते दोन ठिकाणी लिहिलेले होते.

बारसे तेराव्या दिवशी झाले, पाठीवर रीतसर धपाटे खाऊन मी कानात नाव सांगितले, आणि किरण झोपेतच होती. सेवेला मी पाचपैकी दोन तारे देते : एक जन्माक्षराला, एक दुसऱ्या फोनवरच्या बाईंना. कुंडलीचे अक्षर हवे असेल तर पंचांग याहून कितीतरी स्वस्तात मिळते, आणि शुद्धलेखनासाठी शेजारची निवृत्त मराठीची शिक्षिका चहावर तपासून देते; २,१०० रुपये भरायचेच असतील तर अहवालाची वाट न पाहता थेट दुसरा फोन मागून घ्यावा.

परवा सेवेकडून अभिप्राय मागणारा संदेश भावाच्या मोबाइलवर आला. अर्जात मुलगी निवडले होते, अहवालात मुलगी छापले होते, तरी संदेश असा होता : 'अभिनंदन! आपला किरण आता दोन महिन्यांचा झाला. त्याच्या नावाबद्दल आपण समाधानी आहात का?' भावजयीने तो मला पुढे पाठवला आणि खाली लिहिले, "ताई, चाललं म्हणायचं की नाव."